गेलेले पैसे 'काढायला' पुन्हा गोवा?

प्रश्न : मुलगा २४ वर्षांचा, पुण्यात नोकरीला. दर दोन महिन्यांनी मित्रांबरोबर पणजीच्या कॅसिनोत जातो. "गेलेले पुढच्या वेळी काढतो," म्हणतो. काळजी करावी का?

उत्तर : जाण्यापेक्षा ते वाक्य काळजीचं आहे. उदाहरणार्थ, रूलेटच्या युरोपीय चाकावर शून्यासह ३७ आकडे असतात. आकडा लागला तर लावलेले परत मिळतात आणि वर मात्र ३५ पटच. म्हणजे लावलेल्या दर शंभरामागे सरासरी २ रुपये ७० पैसे कॅसिनोचे. चाकाला मागचा डाव आठवत नाही, त्यामुळे 'वसुली' हा भ्रमच. रागावू नका. सिनेमाच्या तिकिटासारखी ठरावीक रक्कम न्यायची, कार्ड हॉटेलवर ठेवायचं, एवढं जमतं का, ते विचारा. उधारी किंवा लपवाछपवी दिसली, तर समुपदेशक गाठा. 'टेलि-मानस' या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.