सव्वासातचा वरणभात

अगं, सहा ते पावणेआठ या वेळात तुझ्या घरात जे रामायण घडतं ना, त्यावर सकाळी करण्यासारखं काही नसतंच. तू गजर अर्धा तास अलीकडे घेतलास, भाजी रात्रीच चिरून ठेवायला लागलीस, गणवेश इस्त्री करून खुंटीला टांगलास, तरी थोरली ब्रश तोंडात धरून बेसिनपाशी पेंगतेच. ती आळशी नाही, आणि तू गबाळी नाहीस. तिची झोप झालेली नसते, एवढंच. म्हणून सकाळचं सोडून देऊ. मला तुझ्याशी संध्याकाळबद्दल बोलायचंय.

हिशेब बघ. तीन-चार वर्षांच्या मुलाला दुपारची धरून 10 ते 13 तास झोप हवी, एक-दोन वर्षांच्याला 11 ते 14, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली सांगितलंय. तुझी लेक रात्री अकराला झोपते आणि साडेसहाला आपण तिला ओढून उठवतो. साडेसात तास. बाकीचे ती वसूल करते. शाळेच्या व्हॅनमध्ये मान टाकते, घरी येऊन चार घास खाते न खाते, आणि तीनला जी आडवी होते ती साडेपाचला डोळे उघडते. साडेपाचला ताजंतवानं झालेलं पोर नऊला कशाला झोपेल? मग पुन्हा अकरा. मग पुन्हा बेसिन.

शाळेची वेळ हा एक उपाय आहे, नाही असं नाही. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असं आपल्या शासनानं 2024 साली काढलंय. पण तुमची शाळा दोन पाळ्यांत भरते, वर्ग तेवढेच, त्यामुळे तुझं पावणेआठ काही हललं नाही. पालकसभेत विचार, चार जणींना बरोबर घेऊन विचार. पण त्या भरवशावर बसू नकोस.

चक्र तोडायचं ते दुपारी. चार वाजले की उठव. रडेल, चिडेल, तुझ्या अंगावर धावून येईल. केळं हातात दे आणि सरळ खाली घेऊन जा, बिल्डिंगच्या आवारात. उन्हात आणि इतर पोरांत अर्ध्या तासात माणसात येते. रात्री मात्र एकदम अकराचे साडेआठ करायला जाऊ नकोस. दर दोन-तीन दिवसांनी पाव तास अलीकडे घे. आणि रविवारीसुद्धा सातपर्यंत उठवायचं. हे फार जिवावर येतं, मला ठाऊक आहे, पण एका रविवारी दहापर्यंत लोळू दिलंस की सोमवारी बेसिनपाशी काय दिसेल ते तुला माहीत आहे.

आता जेवण. इथेच तुझं घोडं अडलंय. जावईबापूंची लोकल, मग रिक्षाची रांग, ते घरी टेकेपर्यंत नऊ. ‘सगळे मिळून जेवायचं’ म्हणून पोरांना तोपर्यंत थोपवायचं, कशावर? बिस्किटं, कुरमुरे, आणि शेवटी मोबाइल. नऊला पान वाढलं की भूक मेलेली आणि डोळे तारवटलेले. मग ‘हिला जेवायचंच नसतं’ म्हणून आरडाओरडा. मिळून जेवणं मलाही आवडतं गं. पण ते रविवारी करा, सुट्टीला करा. रोज सव्वासातला पोरांची पानं मांड.

वाईला आजीकडे काय होतं आठव. दिवेलागण झाली की हातपाय धुवायचे, शुभंकरोती, परवचा, आणि लगेच पोरांची पंगत. मोठी माणसं नंतर निवांत बसायची. त्याला कुणी शिस्त म्हणत नव्हतं, वेळापत्रक तर नाहीच. एकामागून एक गोष्टी व्हायच्या आणि पाढे सतराच्या पुढे जाईपर्यंत आपण पेंगायला लागायचो. शिवाय घरात उजेड तो केवढा! अंधार पडला की शरीरात झोपेचं मेलाटोनिन वाढतं, लख्ख प्रकाशानं ते दबतं. तुझ्या हॉलमध्ये अकरापर्यंत दोन ट्यूब ढणढणतात आणि त्यात टीव्ही. साडेसातनंतर आतल्या खोलीतली ट्यूब बंद, पिवळा बारका दिवा. देवधर्म करायचा की नाही ते तुझं तू ठरव. मला त्यातला क्रम हवाय. हातपाय, जेवण, दात, गोष्ट, अंथरूण. घड्याळ दहा-वीस मिनिटं मागेपुढे झालं तर चालतं, हा क्रम बदलू नकोस. मुलांना घड्याळ कळत नाही, पण यानंतर काय ते पक्कं कळतं.

स्वयंपाक वेगळा नको करूस, मरशील. कुकर साडेसहाला लाव. वरणात फोडणी घालायच्या आधी पोरांचं काढून घे, भाजी तिखट घालण्यापूर्वी दोन वाट्या बाजूला. मऊ भात, वरण, तूप, लिंबू. झालं. रोज तेच कसं द्यायचं म्हणून तू कुढतेस, पण ‘तेच’ असण्याचा कंटाळा आपल्याला येतो, त्यांना नाही.

आणि धाकट्याच्या मागे वाटी घेऊन घरभर पळणं आजपासून बंद. पहिल्या वर्षात मूल जन्माच्या वजनाच्या तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरणारच. सासूबाई म्हणतात ‘मागच्या वर्षी कसं गपागप खायचा’, ते खरंच आहे आणि आता तसं खाणार नाही हेही खरं. काऊ-चिऊचे घास भरव, खुशाल भरव, पण तोंड फिरवलं की थांब. मोबाइल दाखवून भरवलेले चार घास त्याच्या पोटात जातात, पोट भरलं हे त्याला कळत नाही. दोन वर्षांच्या आत पडदा नकोच, आणि दोन ते चारमध्ये दिवसाला तासाच्या आत, हेही त्या 2019 च्या सूचनांत आहे.

दुधाचं मात्र जरा कडक बोलते. दिवसाला चार-चार बाटल्या हा खुराक नाही. दूध अर्ध्या लिटरच्या वर गेलं की बाकी जेवणाला जागा उरत नाही, आणि दुधात लोह जवळजवळ नसतंच. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षांच्या शंभरातल्या 67 मुलांच्या अंगात रक्त कमी निघालं होतं. त्यात खात्यापित्या घरचीही असतातच. झोपताना तोंडात बाटली राहते त्यानं दुधाचे दातही किडतात. पेल्यानं दे, जेवणाबरोबर दे, मग दात घास. बाटली सोडवताना तीन-चार रात्री वाईट जातील. शेजारच्यांना आधी सांगून ठेव.

सासूबाईंची मालिका हा नाजूक विषय. टीव्ही बंद करा म्हणायला जाऊ नकोस, दिवसभर पोरं त्याही सांभाळतात, तो एक तास त्यांच्या हक्काचा आहे. उलट त्यांना गोष्टीचं काम दे. पावणेआठ ते सव्वाआठ आजीची गोष्ट, आतल्या खोलीत. मग त्या मोकळ्या, दार ओढून घ्यायचं आणि आवाज थोडा कमी. वन बीएचकेत भिंतीला कान असतात, पहिले काही दिवस थोरली उठून बाहेर येईल. न बोलता हात धरून परत आत. वाद नाही, लाडीगोडी नाही. त्या मालिकेत काय चाललंय ते मात्र दुसऱ्या दिवशी सासूबाईंना आवर्जून विचार, बरं पडतं.

नवऱ्याचं काय? त्याला पोरं जागी भेटणार नाहीत, याचं वाईट वाटेल, आणि ते खोटं नसतं. म्हणून सकाळ त्याला दे. थोरलीची पूर्ण सकाळ. उठवणं, आंघोळ, गणवेश, वेणी, व्हॅनपर्यंत सोडणं. ‘मदत कर’ म्हणू नकोस, मदतीत सगळं लक्षात ठेवायचं काम तुझ्याकडेच राहतं. डायरीत आज काय लिहिलंय, बुधवारी पांढरे बूट, हे त्यानं बघायचं. 2019 च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी 299 मिनिटं निघाली, पुरुषाची 97, आणि मुळात रोज घरकामाला हात लावणारे पुरुषच चारात एक. आपले जावईबापू त्या एकात आहेत, तेव्हा त्यांना वेणी जमेल. वाकडी आली तर येऊ दे. बाईंनी विचारलं तर सांगायचं, बाबांनी घातली. आणि तू त्या वेळी स्वयंपाकघरातून डोकावून ‘भांग नीट पाड’ असं म्हणायचं नाही. हे तुलाच जड जाईल.

थोडं काम थोरलीवरही टाक. तारा​बाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला आदिवासी पोरांसाठी जी बालवाडी चालवली, तिथे हातपाय धुणं, नखं, केस विंचरणं हेही शिक्षणातच धरलं होतं. तुझी चार वर्षांची आहे. मोजे तिचे ती घालेल, उलटे घालेल. डबा दप्तरातून काढून ओट्याशी ठेवेल. रात्री उद्याचा गणवेश तिनेच खुर्चीवर मांडायचा, गोष्टीच्या आधी. वेळ तुझ्यापेक्षा तिप्पट लागतो, म्हणून हे रात्रीच.

गणपतीत हे सगळं मोडणार. आरत्या दहापर्यंत, पाहुणे, मोदक, जागरण. मोडू दे, मुलांना आरतीतून उठवून झोपवणारी आई होऊ नकोस. गौरी-गणपती गेले की दुपारी चारला उठवण्यापासून पुन्हा सुरू कर, रात्रीपासून नको. तापात, दात येताना, आईकडे चार दिवस आलीस तरी असंच.

साडेआठनंतर जो वेळ मोकळा मिळेल त्यात लगेच कपड्यांच्या घड्या घालायला बसू नकोस, आधी चहा कर. सासूबाईंनाही विचार. आणि मला फोन करायचा तर तेव्हाच कर, साडेसातला केलास तर उचलणार नाही.