रस्ता गावातून जातो, महामार्ग गावाबाहेरून

रस्ता म्हणजे दोन गावांना जोडणारी डांबराची पट्टी, एवढीच आपली साधारण समजूत असते. सिव्हिलला ‘हायवे इंजिनिअरिंग’ हा विषय शिकताना कळतं की रस्ता आधी कागदावर एक रेघ असतो, आणि ती रेघ कुठून ओढायची हा सगळ्यात अवघड प्रश्न असतो. या रेघेला आपण ‘अलाइनमेंट’ म्हणतो. परीक्षेत यावर पाच मार्कांचा प्रश्न येतो आणि आपण ‘शॉर्ट, ईझी, सेफ, इकॉनॉमिकल’ असे चार शब्द लिहून मोकळे होतो. पण या चार शब्दांचा अर्थ पाहायचा असेल तर पुस्तकापेक्षा आपला वाशिम जिल्हा बरा. इथे जुन्या आणि नव्या दोन्ही विचारांचे रस्ते अगदी शेजारी शेजारी पाहायला मिळतात.

जुना रस्ता आणि त्याची गावं

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला आपला जिल्हा सहा तालुक्यांचा : वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा. यातून दोन मोठे जुने रस्ते जातात. एक उत्तरेकडून दक्षिणेकडे : अकोला, पातूर, मेडशी, मालेगाव, वाशिम आणि पुढे हिंगोली, नांदेड. हाच आजचा राष्ट्रीय महामार्ग १६१, जो थेट तेलंगणातल्या संगारेड्डीपर्यंत जातो. दुसरा पूर्वेकडून पश्चिमेकडे : नागपूरहून वर्धा, पुलगावकडून येणारा, कारंजा, शेलूबाजार, मालेगाव, मेहकर, सिंदखेडराजा, जालना करत छत्रपती संभाजीनगरला (तेव्हाच्या औरंगाबादला) पोचणारा. हे दोन्ही रस्ते मालेगावला एकमेकांना छेदतात.

आता नकाशावर बोट ठेवून पाहा. मालेगावला चौफुली. शेलूबाजारलाही चौफुली, कारण तिथे अकोल्याहून मंगरूळपीर, मानोऱ्याकडे जाणारा रस्ता आडवा येतो. कारंज्याला मूर्तिजापूरकडून, दारव्ह्याकडून येणारे रस्ते मिळतात. म्हणजे जुना रस्ता गाव चुकवत नाही, तो गाव शोधत जातो. अभ्यासाच्या भाषेत याला ‘ऑब्लिगेटरी पॉइंट’ म्हणतात : जिथून रस्ता गेलाच पाहिजे असं ठिकाण. त्या काळी हे ठिकाण म्हणजे बाजार, तहसील, पाणी आणि मुक्कामाची सोय.

कारंज्याचंच बघा ना. श्रीनृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून भाविक येतात, जैन मंदिरांमुळे येतात, पण रस्ते आणि रूळ तिथे पोचायला मोठं कारण झालं ते कापूस. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही शकुंतला नॅरोगेज कापसासाठीच कारंज्यावरून नेली. आज ती गाडी बंद आहे, पण बाजार आहे. रस्त्याने गाव मोठं केलं की गावाने रस्ता ओढून आणला, हे कोंबडी आधी की अंडं आधी असं कोडं आहे. माझ्या मते दोघांनी एकमेकांना वाढवलं.

जमीन काय म्हणते?

रेघ ओढताना माणसांइतकंच जमिनीचंही ऐकावं लागतं. अकोला पूर्णेच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे २८० मीटरवर आहे. वाशिम सुमारे ५५० मीटरवर. म्हणजे मधे कुठेतरी रस्त्याला अडीचशे मीटरपेक्षा जास्त चढावंच लागतं. ही चढण पातूर ते मेडशी या घाटात येते. सपाट आणि उंचसखल प्रदेशात आपण ३.३ टक्के, म्हणजे तीस मीटरला एक मीटर, हा नेहमीचा चढ धरतो. या चढाने २७० मीटर चढायचे तर ३० गुणिले २७० म्हणजे ८१०० मीटर, आठ किलोमीटरपेक्षा जास्त लांबी नुसती चढण्यात जाते. घाटरस्ता वळणं का घेतो याचं उत्तर यात आहे. तो लांबी विकत घेतो आणि चढ कमी करतो.

आपला जिल्हा पाणलोटाच्या माथ्यावर आहे हेही फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. काटेपूर्णा इथल्या डोंगरात उगम पावून उत्तरेला पूर्णेला आणि मग तापीला मिळते. अडाण, अरुणावती, पूस या नद्याही इथल्याच, पण त्यांचं पाणी गोदावरीच्या खोऱ्यात जातं. म्हणजे इथल्या एका टेकडीवरच्या पावसाचं अर्धं पाणी अरबी समुद्रात आणि अर्धं बंगालच्या उपसागरात! रस्त्याच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. माथ्याने गेलं तर नाले कमी लागतात, पूल कमी लागतात. उतारावरून आडवं गेलं की दर थोड्या अंतरावर मोरी बांधा.

आणि मग आपली काळी माती. कपाशीला, सोयाबीनला सोनं, पण रस्त्याला वैरी. तिच्यातली माँटमोरिलोनाइट ही चिकणमाती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगा पडतात. लॅबमध्ये चार दिवस भिजवून सी.बी.आर. काढला तर तो बरेचदा दोन-चार टक्क्यांच्या आसपास येतो. म्हणून काळ्या मातीवर थेट खडी टाकली की दोन पावसाळ्यांत रस्त्याच्या लाटा होतात. ती माती काढून मुरूम भरणं, चुना मिसळून ती स्थिर करणं आणि मुख्य म्हणजे कडेचं पाणी काढून देणं, हे तीन उपाय. तिसरा उपाय सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त विसरला जाणारा.

वेग वाढला की रेघ सरळ होते

आता खरा मुद्दा. वळणाची कमीत कमी त्रिज्या काढायचं सूत्र आपल्या सगळ्यांना पाठ आहे : वेगाचा वर्ग भागिले १२७ गुणिले (सुपर एलिव्हेशन अधिक घर्षण गुणांक). ताशी ८० किलोमीटर वेगाला ०.०७ आणि ०.१५ धरले तर त्रिज्या येते सुमारे २३० मीटर. ताशी १२० ला घर्षण कमी, म्हणजे ०.१० धरावं लागतं. त्रिज्या येते सुमारे ६७० मीटर. वेग दीडपट, पण वळण जवळजवळ तिप्पट मोठं!

या एका आकड्यात सगळी गोष्ट आली. ज्या रस्त्याला तीनपट मोठं वळण लागतं तो शेलूबाजारच्या चौकात शिरून पुन्हा बाहेर वळू शकत नाही. त्यात थांबायचं अंतर वेगळंच. ताशी १२० ने जाणारी गाडी, ड्रायव्हरला धोका दिसल्यापासून थांबेपर्यंत, सुमारे अडीचशे मीटर जाते. तेवढ्या अंतरात मधे बैलगाडी, शाळेची पोरं, म्हैस काहीच येऊन चालत नाही. म्हणून वेगवान रस्त्याला कुंपण लागतं आणि गाव टाळावं लागतं. गावाशी त्याचं वैर नाही, त्याचं गणितच तसं आहे.

इंग्लंडचा धडा

हा प्रश्न जगात पहिल्यांदा आपल्यालाच पडला असं नाही. लंडन ते एडिंबरो हा ‘ग्रेट नॉर्थ रोड’, जो पुढे ए-१ झाला, तो घोडागाडीच्या काळात स्टॅमफर्ड, ग्रँथम, न्यूअर्क, डॉनकास्टर अशा गावांच्या पेठांमधून जायचा. घोडे बदलायला, जेवायला, मुक्कामाला गावं लागायची आणि त्यावर गावं जगायची. मोटारी आणि ट्रक वाढले तेव्हा त्याच अरुंद पेठांमध्ये कोंडी होऊ लागली. मग एकेक बायपास झाला : स्टॅमफर्डचा १९६० मध्ये, डॉनकास्टरचा १९६१ मध्ये. १९५९ मध्ये तर एम-१ हा वेगळा मोटरवेच सुरू झाला.

गावं मेली का? स्टॅमफर्डचं उदाहरण वाचण्यासारखं आहे. जड वाहतूक बाहेर गेल्यावर तिथल्या जुन्या दगडी इमारती सुटल्या, आणि १९६७ मध्ये ते इंग्लंडमधलं पहिलं संरक्षित वारसा क्षेत्र ठरलं. म्हणजे गावाकडे स्वतःचं काही असेल तर बायपास त्याला वाचवतो. ज्या ठिकाणाकडे फक्त जाणारी-येणारी वाहतूक होती, त्याला मात्र दुसरं काहीतरी शोधावं लागतं.

समृद्धी : ९७ किलोमीटर, तीन दारं

आपल्याकडे हा बदल एकदम झाला. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, दहा जिल्ह्यांतून जाणारा, सहा पदरी, सिमेंट काँक्रीटचा. सपाट भागात त्याच्यासाठी १२० मीटर रुंदीची जमीन घेतली आहे. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला. नागपूर-मुंबई हा सोळा तासांचा प्रवास आठ तासांवर आणायचा हा त्यामागचा हिशेब.

वाशिम जिल्ह्यात त्याची लांबी सुमारे ९७ किलोमीटर. ताशी १२० ने हे अंतर पन्नास मिनिटांच्या आत संपतं. म्हणजे आपलं एक लेक्चर संपायच्या आधी जिल्हा संपतो! आणि या अंतरात चढायला-उतरायला इंटरचेंज तीन : कारंजा, शेलूबाजार आणि मालेगाव. नावं ओळखीची वाटतात ना? जुन्या रस्त्याचे ऑब्लिगेटरी पॉइंट तेच इंटरचेंज झाले. फरक इतकाच की पूर्वी रस्ता गावात यायचा, आता गावाला रस्त्यापर्यंत जावं लागतं.

कारंजा-सोहोळ हे काळवीट अभयारण्यही याच मार्गावर आहे. वन्यप्राण्यांना ओलांडता यावं म्हणून या महामार्गावर ओव्हरपास आणि अंडरपास केले आहेत. काळवीट हा मोकळ्या माळरानात धावणारा प्राणी, त्याला कुंपण म्हणजे काय ते कळत नाही. त्यामुळे ही सोय शोभेची नाही, डिझाइनचा भाग आहे.

फायदा कोणाचा, वळसा कोणाला?

फायदे खरे आहेत. सिरियस पेशंटला नागपूरला नेताना वाचलेला एक तास म्हणजे काय, हे विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. भाजीपाला, फळं, दूध यांनाही वेळच महाग पडतो. पण दुसरी बाजूही लिहायला हवी. या रस्त्यावर दुचाकी, तीनचाकी आणि ट्रॅक्टर यांना परवानगी नाही. आपल्या होस्टेलमध्ये किती जणांच्या घरी कार आहे? आपण शनिवारी घरी जातो ते मोटरसायकलवर किंवा एस.टी.ने, जुन्याच रस्त्याने. म्हणजे जिल्ह्यातल्या बहुसंख्य लोकांचा रस्ता अजूनही जुनाच आहे, आणि त्याची डागडुजी थांबून चालणार नाही.

तिसरी गोष्ट वावराची. १२० मीटरची पट्टी शेतातून गेली की घर एकीकडे आणि विहीर दुसरीकडे असं होऊ शकतं. मोबदला जमिनीचा मिळतो, रोजच्या वळशाचा हिशेब मात्र कोणत्याही तक्त्यात नसतो. म्हणून अंडरपास कुठे द्यायचा हा प्रश्न ड्रॉइंगवर छोटा दिसला तरी एका कुटुंबासाठी तो आयुष्यभराचा असतो. त्याची उंचीसुद्धा महत्त्वाची : कडब्याने भरलेली ट्रॉली खालून गेली पाहिजे.

आणि चौफुलीवरची दुकानं? इथे आपला विषय कामाला येतो. चौकातून जाणाऱ्या वाहनांचे दोन प्रकार असतात : थांबायला आलेली आणि नुसती पुढे जाणारी. बायपास दुसऱ्या प्रकाराला नेतो, पहिल्याला नाही. अडत दुकान, बियाण्याचं दुकान, दवाखाना यांचं गिऱ्हाईक आसपासच्या खेड्यांचं, ते राहतं. ढाबा आणि ट्रकचं पंक्चर काढणारा मात्र लांबच्या गाडीवर जगतो. कोणाचं किती जाणार हे अंदाजाने सांगण्यापेक्षा ‘ओरिजिन-डेस्टिनेशन सर्व्हे’ करावा लागतो, म्हणजे गाडीवाल्याला सरळ विचारायचं : कुठून आलात, कुठे चाललात?

आपण काय करू शकतो?

माझी एक सूचना आहे. एन.एस.एस. आणि सिव्हिल विभागाने मिळून मालेगाव आणि शेलूबाजारच्या चौफुलीवर बाजाराच्या दिवशी एक आणि साध्या दिवशी एक, अशी बारा-बारा तासांची वाहन मोजणी करावी. वह्या, पेन आणि पाळीपाळीने बसायला वीस मुलं-मुली, एवढंच सामान लागेल. दरवर्षी तीच मोजणी केली तर पाच वर्षांत आपल्याकडे असा तक्ता होईल जो ग्रामपंचायतीलाही उपयोगी पडेल आणि आपल्या प्रोजेक्टलाही.

आपल्यातले काही जण उद्या खरोखर अशा रेघा ओढणार आहेत. त्या वेळी ‘शॉर्ट, ईझी, सेफ, इकॉनॉमिकल’ हे चार शब्द लिहिताना प्रत्येकापुढे एक प्रश्नही लिहायचा : कोणासाठी? मोटारीतून जाणाऱ्यासाठी की कडेला उभं राहून एस.टी.ची वाट पाहणाऱ्यासाठी? चांगल्या इंजिनिअरला दोघांचंही उत्तर द्यावं लागतं.