'तो' पासून 'तू' पर्यंत

आजचं वाचन: स्तोत्र २३, योहान ११:१७-२७



स्तोत्र २३ तुमच्यापैकी बहुतेकांना पाठ असेल. संडे स्कूलमध्ये आधी हेच पाठ करून घेतात. आज ते जरा हळू वाचा आणि फक्त सर्वनामांकडे लक्ष द्या. पहिल्या तीन वचनांत दाविद परमेश्वराविषयी बोलतो. तो मला कुरणात नेतो, तो पाणी दाखवतो, तो जिवात जीव आणतो. सगळं 'तो'. चौथ्या वचनात अंधारी दरी येते आणि तिथेच 'तो'चा 'तू' होतो. तू सोबत आहेस, काठी तुझ्या हातात आहे, मग मी कशाला घाबरू, असं दाविद थेट त्यालाच म्हणतो. कुरणात असताना तो मेंढपाळाबद्दल सांगत होता, दरीत शिरल्यावर मेंढपाळाशी बोलायला लागला.

इब्री काव्यात असे बदल पुष्कळदा होतात, आणि शेवटच्या वचनात दाविद स्वतःच पुन्हा 'परमेश्वराचं घर' असं तिसऱ्या माणसासारखं बोलतो. त्यामुळे यावर फार मोठा सिद्धांत उभा करायला नको. पण बदल नेमका दरीत होतो, हे मला दर वेळी थांबवतं.

आता मार्था. बेथानीत लाजर मरून चार दिवस झालेत. येशू येतोय कळल्यावर मार्था घरात बसून राहत नाही, गावाबाहेर त्याला गाठते. तिचं पहिलं वाक्य म्हणजे तक्रार आहे: तू इथे असतास तर माझा भाऊ गेला नसता. येशू म्हणतो, तुझा भाऊ पुन्हा उठेल. यावर मार्थाचं उत्तर एकदम बरोबर: हो, शेवटच्या दिवशी उठेल, मला माहीत आहे. संडे स्कूलच्या परीक्षेत पूर्ण मार्क. येशू ते उत्तर खोडत नाही. पण तो शेवटचा दिवस उचलून तिच्या समोर आणून ठेवतो. पुनरुत्थान ही फक्त पुढे कधीतरी घडणारी घटना नाही, ते मीच आहे, असं सांगतो आणि विचारतो, तुझा यावर विश्वास आहे का? विश्वास काय शिकवतो, असं नाही विचारत. 'तुझा' असं विचारतो.

आपल्या मातीत हे फार स्पष्टपणे कोणी सांगितलं असेल तर पंडिता रमाबाईंनी. संस्कृतवर इतकं प्रभुत्व की १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती म्हणून गौरवलं. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी आपल्या साक्षीत लिहिलं की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांना उमगलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळालाय, पण ख्रिस्त स्वतः मिळालेला नाही. आठ वर्षं! त्या काळात त्या रिकाम्या बसल्या नव्हत्या. विधवांसाठी शारदा सदन उभं केलं होतं, मुली शिकत होत्या. काम चांगलं होतं, मतंही विचारपूर्वक स्वीकारलेली होती. तरी त्यांना जाणवलं की ज्याच्याबद्दल हे सगळं आहे, तो अजून भेटायचाय.

आणि तो भेटल्यावर त्यांनी अभ्यास सोडला का? उलट. इब्री आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणलं, तेही साध्या बायकांना कळेल अशा भाषेत. म्हणून 'सिद्धांत नको, फक्त नातं हवं' असं कोणी म्हणालं की मला ते पटत नाही. ज्याच्यावर प्रेम असतं त्याची पत्रं माणूस जास्त लक्ष देऊन वाचतो.

माझ्यापुरतं सांगतो. दोन वर्षांपूर्वी बाबा तीन आठवडे आयसीयूत होते. रात्री बाहेरच्या खुर्चीवर बसून मी फोनवर वचनं वाचायचो. एका रात्री वाचता येईना. डोळ्यांपुढे अक्षरं होती, आत काही जात नव्हतं. तेव्हा तोंडातून एवढंच आलं, "तू आहेस ना इथे?" त्या कॉरिडॉरमध्ये कुठला आवाज आला नाही. पण मी एकटा बसलेलो नाही हे मला कळत होतं, आणि ते मी अजूनही नीट समजावू शकत नाही. बाबा घरी आले नाहीत. लाजर बाहेर आला, माझे बाबा नाही आले. म्हणून मी योहान ११ वाचताना आता सत्ताविसाव्या वचनावर रेंगाळतो. मार्था तिथे म्हणते, हो प्रभू, तू ख्रिस्त आहेस. त्या क्षणी लाजर अजून कबरेत होता. दगड हलला नव्हता.

आपण मराठी माणसं प्रार्थनेत देवाला बहुधा 'तू' म्हणतो. आईला म्हणतो तसं. मॅनेजरला आपण 'सर' म्हणतो, नवीन शेजाऱ्याला 'तुम्ही'. 'तू' म्हणायचा हक्क ओळखीतून येतो. पण दिवसभरातलं आपलं ख्रिस्ती बोलणं ऐकलंत तर त्यात बहुतेक 'तो'च असतो: प्रभूने हे केलं, देव असा आहे, संदेश छान होता. एखाद्या सिस्टिमचं सगळं डॉक्युमेंटेशन वाचायचं आणि तिला एकही रिक्वेस्ट पाठवायची नाही, तसं काहीसं.

सध्या मी एक साधी गोष्ट करतो. सकाळी मेट्रोत जे वाचतो, त्यातलं एक वाक्य 'तू' लावून त्यालाच परत म्हणतो. 'तो क्षमा करतो' असं वाचलं, की 'तू कालच्या त्या बोलण्याबद्दल मला क्षमा करतोस का?' इतकंच. दोन स्टेशनांत होतं. कधी पुढे गप्पा लांबतात, कधी नाही. कोरड्या दिवशीही वाक्य म्हणतो, कारण समोरचा कोरडा नसतो. तक्रार असेल तर तक्रार. मार्थाने तीच आधी केली होती आणि येशूने तिला थांबवलं नाही.

आज स्तोत्र २३ ची पहिली तीन वचनं अशीच 'तू' लावून म्हणून बघा. मोठ्याने म्हणा, दार लावून.

प्रार्थना: प्रभू येशू, तुझ्याबद्दल आम्ही खूप ऐकलंय. आज दुपारी, कामाच्या मधोमध, तुझ्याशी बोलायची आठवण आम्हाला दे. आमच्यापैकी जो आज दरीत आहे, त्याच्या शेजारी तू चाल. आमेन.

उद्याचं वाचन: स्तोत्र २४