फोटो नव्हे, चित्र

माझं आयुष्य चित्रकला शिकवण्यात गेलं. कुंभकोणमचे एस. इलयाराजा (संगीतकार नव्हेत, चित्रकार) यांच्या चित्रांवरून वर्गात दरवर्षी वाद पेटायचा: हायपररिअलिझमला (फोटोइतक्या हुबेहूब चित्रणाला) ललितकला म्हणायचं का? त्या वादांतून जे हाती लागलं ते असं.

१. ‘हा फोटो नाही, चित्र आहे’ या शेऱ्यासह जे चित्र मोबाइलवर फिरतं, त्याचं निम्मं नुकसान तो शेराच करतो. तैलचित्र बोटभर झालं की ते पुन्हा फोटोच दिसतं, आणि वाहवा मिळते ती हातचलाखीला. अशा चित्रावर मत देऊ नये.

२. उजेड बघावा. इलयाराजांच्या चित्रांत जुन्या तमिळ घराचा अंधारा आतला भाग असतो, खिडकीच्या गजांतून ऊन येतं, दाराशी सावळी बाई बसलेली असते. अशा खोलीत कॅमेऱ्याची अडचण होते. खिडकी नीट टिपावी तर खोली काळी पडते, खोली टिपावी तर खिडकी पांढरी फटक. चित्रकार दोन्ही राखतो, कारण अंधार किती गडद ठेवायचा हे तो ठरवतो. सावळ्या गालावर खिडकीतल्या उजेडाची कड निळसर थंड, आणि हनुवटीखाली लुगड्याचा लाल परतून आलेला. ट्यूबमधला काळा रंग तिथे चालतच नाही. तपकिरी आणि निळा मिसळून, पातळ थरांवर थर देत सावली चढवावी लागते. हे सगळं फोटोतून उतरवता येत नाही. ते डोळ्यांनी पाहिलेलं असावं लागतं.

३. ‘ही कला का?’ याला ‘महिनाभर खपून केलंय’ हे उत्तर नव्हे. खपतो तर हमालही.

४. तंतोतंतपणा आणि कला यांचं वैर आहे, ही समजूत कुंभकोणमात टिकणार नाही. गावाला लागूनच स्वामीमलै आहे. तिथले स्थपती (मूर्तिकार) नारळाच्या झावळीच्या पट्टीला घड्या घालून मूर्तीची मापं घेतात, मेणाची मूर्ती मातीने लिंपतात आणि मेण वितळवून त्या साच्यात पंचधातू ओततात. मापात बसली म्हणून नटराजाची मूर्ती कमी प्रतीची, असं कोणी म्हणत नाही. अशा परिसरातच इलयाराजा घडले: कुंभकोणमच्या सरकारी ललितकला महाविद्यालयातून पदवी घेतली आणि पुढचं शिक्षण चेन्नईला.

५. पण अचूकपणा कोणाच्या कामासाठी, हे विचारावं. जवळच्याच तंजावरला आपल्या भोसल्यांचं राज्य होतं. दुसऱ्या सरफोजीराजांनी (राज्यकाळ १७९८ ते १८३२) नेत्ररुग्णांच्या नोंदी ठेवल्या आणि सोबत त्यांच्या डोळ्यांची चित्रं काढून घेतली. ती आजही सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. ती वैद्याच्या कामाची. त्यात चित्रकाराने मनाचं काही घालणं हा दोष ठरला असता.

६. आपल्याकडे ‘ही कला आहे का’ हा प्रश्न सोयीने विचारला जातो. सावळाराम हळदणकरांची दिवा हाती धरलेली बाई पाहायला मराठी माणूस म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात थांबतो. दिव्याच्या ज्योतीने बोटं आतून लाल झालेली, तीही जलरंगात, जिथे चुकलं की दुरुस्ती अवघड. तिला तसं कोणी हटकलेलं मी ऐकलं नाही. मग तमिळ खेड्यातल्या स्वयंपाकघराला का हटकावं?

७. माझी तक्रार वेगळीच आहे. इलयाराजांच्या चित्रांतल्या बायका फार सुंदर दिसतात. चुलीजवळ बसूनही घाम नाही, हाताला घट्टे नाहीत. इथे ते कॅलेंडरच्या अगदी जवळ जातात, आणि ‘आनंद विकटन’सारख्या लोकप्रिय तमिळ साप्ताहिकाच्या वाचकाला ते आवडलं यात नवल नाही. तरीही जिथे तिथे गोरेपणाची जाहिरात, त्या देशात सावळी बाई चौकटीच्या मधोमध, पुऱ्या उजेडात बसवणं ही निवड आहे. ती कॅमेऱ्याने केलेली नाही. रविवर्म्याच्या देव्यांचा गोरा रंग आठवून बघा. जून २०२१ मध्ये करोनाने इलयाराजा गेले, वय चाळिशीच्या थोडंच पुढे. घाम आणि घट्टे पुढे आले असते की नाही, कोण सांगणार?

८. हायपररिअलिस्टिक चित्र विकत घेणाऱ्यांना एक सांगतो. चित्रकाराकडे मूळ फोटो मागा, शेजारी धरा, आणि ‘यातलं काय गाळलंत?’ असं विचारा. जो लगेच चार गोष्टी दाखवेल त्याच्याशी किमतीची घासाघीस करू नका. जो म्हणेल, ‘काहीच नाही, हुबेहूब आहे’, त्याला म्हणावं, मग फोटोच द्या, स्वस्त पडेल.