प्लगला घट्ट धरतं कोण?

प्रश्न : आमचं घर तलासरी तालुक्यात आहे. २०१८च्या दिवाळीनंतर इथली जमीन हलायला लागली, ते अजून अधूनमधून चालूच असतं. धक्का बसला की बोर्डातला मोबाइलचा चार्जर हमखास खाली पडतो. धक्का नसतानाही तो लोंबकळत असतो, चार्जिंग मध्येच बंद पडतं. सॉकेटला घट्ट धरून राहणारा प्लग कोणी बनवत का नाही? मी आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा कोर्स करतोय. आम्हा मुलांना असा प्लग बनवता येईल का?
— एक वाचक, तलासरी तालुका

उत्तर : येईल. पण त्याआधी आरोपी बदलू या. तुमचा राग प्लगवर आहे, आणि धरून ठेवणं हे प्लगचं काम नाहीच, ते सॉकेटचं. पिन म्हणजे पितळेची गुळगुळीत कांडी. तिला ना दात, ना आकडा.

भंगारातलं एखादं जुनं सॉकेट घ्या (भिंतीवरचं नको) आणि उघडा. प्रत्येक भोकामागे पितळी पट्टी वळवून केलेली नळी दिसेल, तिच्या लांबीत एक फट ठेवलेली. काही सॉकेटांत नळीऐवजी समोरासमोर दोन पात्या असतात. नळीचं तोंड पिनेपेक्षा किंचित लहान असतं. पिन आत शिरली की फट उघडते, पितळ मूळ आकाराकडे परत यायला बघतं आणि पिनेला आवळतं. फट जितकी उघडेल तितका दाब. उघडलीच नाही तर दाबही नाही.

आता चार्जरची पिन मोजा. व्हर्निअर कॅलिपर तुमच्या वर्कशॉपमध्ये असेलच. आपल्या ६ अँपिअरच्या सॉकेटची पिन साधारण ५ मिलिमीटर जाड असते. मोबाइलच्या पुष्कळ चार्जरांना मात्र ४ मिलिमीटरच्या पिना असतात. तो युरोपातला दोन पिनांचा नमुना, अडीच अँपिअरपर्यंतच्या किरकोळ उपकरणांसाठी काढलेला. पाचासाठी वळवलेल्या नळीत चाराची पिन घातल्यावर फट कशाला उघडेल? युरोपवाल्यांनी यावर एक युक्ती केलेली आहे. त्यांच्या त्या दोन पिना समांतर नसतात. बुडाशी त्यांच्यात १८.६ मिलिमीटर अंतर असतं, टोकाशी १७.५, आणि त्या थोड्या लवतात. म्हणजे सॉकेट आवळत नसलं तरी पिना स्वतःच ताणल्या जाऊन अडकून बसतात. स्वस्त चार्जरांत अनेकदा त्या सरळ आणि ताठ ठोकून दिलेल्या असतात. मग युक्तीही गेली आणि पकडही.

त्यात भर तोलाची. आपल्या सॉकेटात अर्थचं भोक वर आणि फेज-न्यूट्रल खाली, एका आडव्या रेषेत. दोन पिनांचा चार्जर त्या रेषेवर बिजागरीला लावल्यासारखा डोलतो, कारण त्याचं सगळं वजन भिंतीपासून तीन-चार सेंटिमीटर पुढे आलेलं असतं. थ्री-पिन टॉप असा डोलत नाही. त्याचे तीन पाय त्रिकोणात रोवलेले असतात आणि वरची जाड पिन वळू देत नाही.

पकड किती हवी, हे मोजून ठरवलेलं आहे. घरगुती प्लग-सॉकेटचं आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०८८४-१, आणि आपलं आयएस १२९३ त्याच्याच आधाराने बेतलेलं. त्यातली चाचणी मला फार आवडते, कारण ती घरीसुद्धा समजते. सॉकेट तोंड खाली करून धरायचं, त्याच्या एकेका नळीत गुळगुळीत पोलादी पिन घालायची आणि तिला वजन लावायचं. १० अँपिअरपर्यंतच्या सॉकेटसाठी हे ओझं १.५ न्यूटन, म्हणजे सुमारे दीडशे ग्रॅम. १६ अँपिअरच्या सॉकेटसाठी २ न्यूटन. तीस सेकंदांत पिन खाली पडता कामा नये. ही खालची मर्यादा झाली. वरचीही आहे, आणि ती लोक विसरतात. तीन पिनांचा १० अँपिअरपर्यंतचा प्लग ५० न्यूटन, म्हणजे जेमतेम पाच किलोच्या ओढीने सुटून आलाच पाहिजे. शिवाय पाच हजार वेळा वीज चालू ठेवून घालायचा आणि काढायचा, तरी सॉकेट शाबूत राहायला हवं.

या आकड्यांवरून तुमच्या भूकंपाचं गणित मांडू. दोन नळ्या मिळून किमान ३ न्यूटन धरतात. चार्जर ६० ग्रॅमचा धरला, तर तो हिसक्याने सरळ बाहेर निघायला गुरुत्वाकर्षणाच्या पाचपट त्वरण लागेल. डहाणू-तलासरीत त्या मालिकेतला १ फेब्रुवारी २०१९चा धक्का ४.१ तीव्रतेचा होता. त्याने भिंतींना तडे गेले, माणसं थंडीत तंबूंत झोपली. पण पाचपट त्वरणाच्या जवळपासही तो नव्हता. तसा धक्का आलाच तर चार्जरच्या आधी घर जमिनीवर येईल. तेव्हा तुमचा चार्जर भूकंपाने पडत नाही. तो आधीच सुटलेला असतो, भूकंप फक्त शेवटचा धक्का देतो. डहाणूच्या ५०० मेगावॅटच्या औष्णिक केंद्रातली वीज मुंबईच्या उपनगरांत जाते. तिथं जमीन हलत नाही, चार्जर मात्र तिथंही असाच लोंबकळतो.

एवढं सगळं चार्जरसाठी, आणि खरं सांगायचं तर ढिल्या चार्जरची मला फारशी काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती ढिल्या गिझरची, इस्त्रीची, इंडक्शन शेगडीची. दोन धातू एकमेकांना टेकलेले दिसले तरी सगळ्या पृष्ठभागाने टेकलेले नसतात. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हीकडे डोंगरदऱ्या असतात आणि फक्त शिखरं शिखरांना भिडतात. सगळी वीज त्या मोजक्या टोकांतून जाते. दाब वाढला की शिखरं चेपतात, वाट रुंद होते, रोध कमी होतो. दाब कमी झाला की उलट. समजा ढिल्या जागी रोध ०.१ ओहम झाला. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टला जवळजवळ ८.७ अँपिअर घेतो. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे साडेसात वॅटच्या आसपास उष्णता, तीही वाटाण्याएवढ्या जागेत, प्लॅस्टिकच्या बंद डबीत. १६ अँपिअर गेले तर साडेपंचवीस वॅट. तुमच्या वर्कशॉपमधला छोटा सोल्डरिंग आयर्न साधारण तेवढ्याच वॅटचा असतो. चार्जर पाव अँपिअरसुद्धा घेत नाही. त्याची उष्णता त्याच जागी काही मिलिवॅट.

आणि तापलेलं पितळ आपला स्प्रिंगपणा सोडतं. पकड ढिली म्हणून नळी तापते, तापते म्हणून आणखी ढिली होते. टॉपची एक पिन काळी पडलेली, सॉकेटचं एक भोक तपकिरी होऊन वितळलेलं, हे दृश्य तुम्ही पाहिलेलं असेलच. तिथं टॉप बदलून काही होत नाही. नवी पिन त्याच मेलेल्या नळीत जाते आणि महिन्याभरात तीही काळी. सॉकेटच बदलावं लागतं.

आपला गोल पिनांचा नमुना बीएस ५४६ या ब्रिटिश मानकातून आला, १९३४ सालचा. जुन्या टॉपांच्या पिनांना मधोमध चीर असते. ढिलं झालं की वायरमन स्क्रूड्रायव्हरने ती चीर जराशी फाकवतो. तो प्लगच्या अंगचा स्प्रिंग. उपाय चालतो, पण पिन वेडीवाकडी फाकली तर नळी कायमची ताणून ठेवते. इंग्रजांनी स्वतः १९४७ साली हा नमुना सोडून चौकोनी, भरीव पिना घेतल्या (साल बघा!) आणि एक फार शहाणं काम केलं: वायर प्लगच्या पाठीतून न काढता खालून काढली. त्यामुळे वायरला ओढ बसली तरी ती प्लगला भिंतीलगत खाली खेचते, बाहेर उचकटत नाही. जर्मनांनी सॉकेटच खोलगट केलं, प्लगचं सगळं डोकं आत बसतं आणि चारी बाजूंनी आधार मिळतो. आपल्या टॉपची वायर सरळ मागे निघते आणि आपलं सॉकेट सपाट. दोन्ही बाबतींत आपण मागे राहिलो, असं माझं मत.

मग तुम्ही काय बनवायचं? कुलपासारखा अडकणारा प्लग बनवू नका, अशी माझी विनंती. कारखान्यांत फिरवून अडकवायचे, झाकणाच्या खिट्टीने धरायचे प्लग असतात, ते तिथं शोभतात. घरात प्लगने वेळेला सुटलंही पाहिजे. जपानमध्ये गरम पाण्याच्या विजेच्या भांड्यांना चुंबकाने चिकटणारा प्लग देतात, तो मुद्दाम. मुलाचा पाय वायरीत अडकला तर प्लग सुटावा, उकळतं पाणी सांडू नये. तुमच्याकडे तर अंधारात घराबाहेर पळायची वेळ येते. त्यात पाड्यावरच्या कुडाच्या घरांत बोर्ड लाकडी मेढीला दोन स्क्रूंवर असतो. कारवीच्या कुडाला स्क्रूचा फिशर-प्लग धरत नाही. तिथं प्लग सुटला नाही तर अख्खा बोर्ड उघड्या वायरींसकट हातात येईल.

करून बघण्यासारख्या दोन गोष्टी मला दिसतात. पहिली सोपी: दोन पिनांच्या चार्जरवर चढणारी प्लॅस्टिकची टोपी, तिला वर अर्थच्या भोकात जाणारी प्लॅस्टिकची खोटी पिन. वीज तिच्यातून जात नाही, ती फक्त तिसरा पाय होते आणि डोलणं थांबवते. दुसरी अवघड, पण खरा उपाय तोच: नळीची दोन कामं दोन धातूंना वाटून द्यायची. वीज वाहायला पितळ किंवा तांबं, आणि आवळायला बाहेरून पोलादी स्प्रिंगचं कडं. पोलाद तेवढ्या उष्णतेने मऊ पडत नाही. असं काम चांगल्या कंपन्या करतात. पट्टीतून नळी कापून वळवायला साचा लागेल आणि त्यासाठी लांब जायला नको. चिंचणी-वरोरकडची माणसं दागिन्यांच्या डाय बनवण्यात पिढीजात तयार आहेत. पोलादात केसाएवढं कोरणाऱ्या हाताला ही नळी जड नाही. उमरगाव-वापीच्या कारखान्यांत जाणारं कोणी तुमच्या पाड्यात असेलच, त्याच्याकडून प्रेसचं काम समजून घ्या. नमुना झाला की वायर न जोडता दीडशे ग्रॅमची चाचणी लावा.

तोवर ६ अँपिअरचं, आयएसआय शिक्क्याचं नवं सॉकेट बसवून घ्या. सगळ्या देशांच्या पिना घेणारं ‘युनिव्हर्सल’ नको. जे चपट्या, गोल, चौकोनी सगळ्यांसाठी उघडं असतं ते नीट कुणालाच धरत नाही. पिनेला चांदीचा कागद गुंडाळणं, भोकात आगकाडी खुपसणं धोक्याचं, हे आयटीआयच्या मुलाला सांगायला नको. घरातल्यांना मात्र सांगा.

प्रश्न : आमचं घर डहाणूच्या किनाऱ्यालगत, मागे गोठा. सॉकेटच्या आतलं पितळ दोन-तीन वर्षांत हिरवं होतं आणि गोठ्यातल्या सॉकेटच्या पट्ट्या तर तुटूनच जातात. खारी हवा पितळ तोडते का?
— एक वाचक, डहाणू

उत्तर : हिरवा थर खाऱ्या हवेचा. तो वीज नीट वाहू देत नाही, म्हणून प्लग घट्ट असूनही तापतो. मेन बंद करून प्लग दहा-बारा वेळा आत-बाहेर केला की घासून बराच निघतो. पॉलिश पेपर वापरू नका, निकेलचा मुलामा असेल तर तोही जाईल.

तुटणं मात्र समुद्राचं नाही, गोठ्याचं दिसतं. इंग्रजी अमलात हिंदुस्थानातल्या फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत ठेवत आणि त्यांच्या पितळी नळ्या न वापरताच तडकत. पुढे १९२१ साली कारण उलगडलं: घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, जोडीला दमट हवा, आणि नळी ओढून बनवताना पितळात राहून गेलेला ताण. तिन्ही एकत्र आले की पितळ काचेसारखं चिरतं. काडतुसं तापवून त्यांच्यातला ताण काढून टाकता आला. सॉकेटला ते करता येत नाही, कारण ताण काढला की पकड गेली. म्हणून गोठ्यात फॉस्फर ब्राँझच्या पट्ट्यांचं सॉकेट मिळालं तर घ्या, त्यावर अमोनियाची मात्रा फारशी चालत नाही. नाही मिळालं तर गोठ्यात फक्त दिवा ठेवा आणि कडबा-कुट्टी मशिनचा पॉइंट बाहेरच्या पडवीत, वाऱ्याच्या बाजूला घ्या, अर्थिंग आणि ईएलसीबीसकट.