मायक्रोफिल्मवरील मराठी : वाचन, स्कॅनिंग आणि जतन

महाराष्ट्राबाहेरील मराठीचा अभ्यास करणाऱ्याला ग्रंथांपेक्षा वर्तमानपत्रे, मासिके आणि संस्थांचे जुने अहवाल यांचा आधार अधिक घ्यावा लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हे साहित्य बहुतांशी लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या स्वस्त कागदावर छापले गेले. आम्लामुळे तो कागद पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि घडीवर तुटतो. कागद जाण्यापूर्वी मजकूर वाचवायचा, या हेतूने विसाव्या शतकात ग्रंथालयांनी मायक्रोफिल्मचा मार्ग धरला. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचे दिल्ली कार्यालय १९६२ मध्ये सुरू झाले आणि भारतीय वृत्तपत्रांचे फिल्मीकरण हे त्याच्या कामाचे एक महत्त्वाचे अंग राहिले. आता या फिल्मचे स्कॅनिंग होत आहे. कागद, फिल्म आणि संगणक या प्रवासात मराठी मजकुराचे काय होते, हा माझ्या या लेखाचा विषय आहे.

फिल्म ओळखणे

वृत्तपत्रांसाठी सामान्यतः ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म वापरतात. हातात आलेले रीळ कोणत्या पिढीचे आहे, हे प्रथम पाहावे. कॅमेऱ्यातून निघालेली मूळ निगेटिव्ह, तिच्यावरून केलेली दुसरी प्रत आणि वाचकांसाठी काढलेली तिसरी प्रत अशा तीन पिढ्या असतात. मूळ निगेटिव्ह वाचनयंत्रावर कधीच चढवू नये. यंत्राच्या काचेवरील धुळीचा एक कणही फिल्मभर लांब ओरखडा काढतो. स्कॅनिंगसाठी दुसरी प्रत उत्तम. ती मूळ प्रतीच्या जवळची असते आणि वाचकांनी हाताळलेली नसते.

दुसरी गोष्ट फिल्मच्या पायाची. जुन्या फिल्मचा पाया अॅसिटेटचा असतो, नंतरच्या फिल्मचा पॉलिएस्टरचा. उष्ण आणि दमट हवेत अॅसिटेट विघटित होऊन त्यातून अॅसेटिक आम्ल सुटते. डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर ते रीळ तत्काळ वेगळे ठेवावे. हे आम्ल विघटनाचा वेग आणखी वाढवते आणि शेजारच्या रिळांनाही बाधते. पुढे फिल्म आक्रसते, वाकडी होते आणि यंत्रात बसेनाशी होते. कोकण-गोव्याच्या पावसाळी हवेत हा धोका विशेष आहे. असे रीळ स्कॅनिंगच्या रांगेत सर्वांत पुढे घ्यावे.

अनुस्वाराचे गणित

स्कॅनिंगचा दर्जा कसा ठरवावा? माझ्या मते मराठीपुरते त्याचे माप अनुस्वार हेच असावे. वृत्तपत्राच्या बारीक टायपातील अनुस्वाराचा ठिपका सुमारे ०.४ मिलिमीटरचा धरू. पान १६ पट लहान करून फिल्मवर घेतले, तर तोच ठिपका ०.०२५ मिलिमीटरचा होतो. माणसाच्या केसाची जाडीही साधारणपणे याहून जास्त असते. मूळ पानाच्या मापाने एका इंचात ४०० बिंदू हवे असतील, तर स्कॅनरने फिल्मच्या एका इंचात ४०० गुणिले १६, म्हणजे ६४०० बिंदू टिपले पाहिजेत. तेव्हा अनुस्वाराच्या वाट्याला आडवे सहा बिंदू येतात. २०० च्या मापाने तीनच येतात आणि ठिपका व डाग यांतला फरक करणे कठीण होते.

म्हणून ‘४०० डीपीआय’ एवढेच कंत्राटात लिहून भागत नाही. हे माप मूळ पानाचे की फिल्मचे, ते स्पष्ट लिहावे. लघुकरणाचे प्रमाण बहुधा रिळाच्या आरंभीच्या सूचनाफलकावर दिलेले असते. तेथेच सूक्ष्म रेषांचा चाचणी-तक्ताही असतो. मजकूर नाही म्हणून या चौकटी वगळण्याचा मोह होतो. त्या अवश्य स्कॅन कराव्यात.

दुसरा प्रश्न छटांचा. केवळ काळा-पांढरा स्कॅन केला, तर प्रत्येक बिंदू काळा की पांढरा याचा निर्णय यंत्र त्याच क्षणी करून टाकते. शिवणीजवळची सावली काळी होते आणि फिकट मात्रा पुसल्या जातात. २५६ राखाडी छटांत स्कॅन केले, तर हा निर्णय पुढे केव्हाही बदलता येतो. त्याची किंमत जागेत मोजावी लागते. १६ इंच रुंद व २३ इंच उंच पान ४०० च्या मापाने घेतले, तर सुमारे ५.९ कोटी बिंदू होतात, म्हणजे राखाडी छटांत दर पानाला सुमारे ५९ मेगाबाइट. ६०० पानांच्या रिळाला सुमारे ३५ गिगाबाइट लागतात. आजच्या साठवणुकीच्या दरात हा खर्च पुन्हा स्कॅन करण्याच्या खर्चापेक्षा कमीच ठरेल.

डाग की अक्षर?

वाचकाने आणखी एक भेद लक्षात ठेवावा. निगेटिव्हमध्ये पार्श्वभूमी काळी व अक्षरे पारदर्शक असतात. चित्र उलटवल्यावर फिल्मवरची धूळ पांढरी दिसते, म्हणजे अक्षर तुटते. पार्श्वभूमीवरील बारीक ओरखडा किंवा छिद्र मात्र काळे दिसते. पॉझिटिव्ह प्रतीत धूळ स्वतःच काळी उमटते. त्यामुळे नसलेला अनुस्वार कोठून येऊ शकतो, हे प्रत कोणती यावर अवलंबून असते.

याचा अर्थावर परिणाम होतो. ‘शिक्षकाची मागणी’ आणि ‘शिक्षकांची मागणी’ यांत एका ठिपक्याचे अंतर आहे. पहिली एका व्यक्तीची तक्रार, दुसरी चळवळ. ‘त्याचा’ आणि ‘त्यांचा’ यांत अनेकवचनाबरोबर आदरही येतो. जुन्या लेखनात तर ‘ती’ स्त्रीलिंगी एकवचन आणि ‘तीं’ नपुंसकलिंगी अनेकवचन. १९६२ च्या शुद्धलेखनविषयक नियमांनी व्युत्पत्तीने सिद्ध होणारे वा न होणारे अनुच्चारित अनुस्वार गाळले. त्याआधीच्या अंकांत ‘गांव’, ‘नांव’, ‘नाहीं’, ‘घरें’ अशी रूपे सर्रास भेटतात. सदोष स्कॅनमध्ये हे ठिपके गळाले, तर १९१० चा मजकूर १९७० चा वाटू लागतो, आणि लेखनपद्धतीच्या इतिहासाचा पुरावाच बदलतो.

अक्षरओळख करणाऱ्या संगणकप्रणालींनी हा धोका वाढतो. टेसरॅक्टसारख्या मुक्त प्रणालीत मराठीची सोय आहे; पण यंत्राने काढलेला मजकूर हा शोधासाठी, उद्धृत करण्यासाठी नव्हे. शोध घेताना ‘गाव’ आणि ‘गांव’ ही दोन्ही रूपे टाकावीत. अवतरण घेताना मूळ प्रतिमा मोठी करून पाहावी आणि लेखन आजच्या नियमांनुसार ‘सुधारू’ नये. संदर्भात नियतकालिकाचे नाव, दिनांक, पृष्ठ, स्तंभ, रिळाचा क्रमांक आणि मजकूर फिल्मवरून घेतल्याचा उल्लेख असावा.

जतन

स्कॅन झाले म्हणून फिल्म टाकून देणे घातक आहे. नीट धुतलेली, पॉलिएस्टरवरील चांदीयुक्त फिल्म थंड व कोरड्या जागी शतकानुशतके टिकावी अशी अपेक्षा असते, आणि ती वाचायला भिंग व उजेड पुरतो. संगणकीय फाइलला मात्र दर काही वर्षांनी नवे माध्यम लागते. मूळ फाइल टिफ स्वरूपात ठेवावी, वाचकांसाठी हलकी प्रत वेगळी करावी. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतील एक दुसऱ्या गावी, हा सोपा नियम छोट्या ग्रंथालयालाही पाळता येतो. प्रत्येक फाइलची संगणकीय ठशाची नोंद ठेवून वर्षातून एकदा ती ताडून पाहावी. फाइलमध्ये नकळत झालेला बदल त्यातून कळतो.

गहाळ अंकांची यादीही जपावी. अंक निघालाच नाही, मिळाला नाही, की मिळाला पण फिल्मवर आला नाही, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. हा भेद आज नोंदवला नाही, तर उद्याचा अभ्यासक फिल्मवरील रिकाम्या जागेलाच इतिहासातील शांतता समजेल. आपल्या गावच्या वाचनालयातील कपाटात एखादे जुने रीळ किंवा फाइलबंद अंक असतील, तर विद्यार्थ्यांना घेऊन त्यांची यादी करण्यापासून आरंभ करता येईल. त्या कामाला कोणतेही यंत्र लागत नाही.