घसरगुंडीच्या गजांमधली फट इतकी अरुंद का?

प्रश्न : नातवाला घेऊन रोज बागेत जातो. नव्या घसरगुंडीच्या कठड्याचे गज इतके जवळजवळ आहेत की माझी मूठ जेमतेम शिरते. शेजारच्या दोरीच्या जाळीला मात्र ही मोठाली भोकं! यात काही हिशेब आहे की ठेकेदाराची मर्जी? आणि खाली पेव्हर ब्लॉक काढून काळं रबर का टाकलं?
— एक आजोबा, कोथरूड

उत्तर : आजोबा, हिशेब आहे, आणि चांगला कडक आहे. फट एकतर अगदी लहान हवी, नाहीतर ऐसपैस, मधली नको. युरोपच्या ‘ईएन 1176’ या मानकानुसार ही नकोशी मधली फट म्हणजे साधारण 9 ते 23 सेंटिमीटर. मूल कठड्यातून आधी पाय घालतं. पाय जातात, कंबर जाते, अंग तिरकं करून छातीही निघते. डोकं मात्र धडाच्या मानाने मोठं, ते वरच अडकतं. पाय अधांतरी असले तर सगळा भार गळ्यावर येतो. म्हणून तपासनीस दोन मापं घेऊन येतो : एक धडाचं, 89 बाय 157 मिलिमीटरचं, दुसरं डोक्याचं, 230 मिलिमीटर व्यासाचं. पहिलं फटीतून गेलं, तर दुसरंही गेलंच पाहिजे. तुमचे गज पहिल्यालाच अडवतात, जाळी दोन्हींना वाट देते.

जाता जाता : नातू सायकलवरून थेट घसरगुंडीकडे धावत असेल, तर हेल्मेट आधी काढून घ्या. हेल्मेटने डोक्याचं माप वाढतं आणि सगळं गणित फिसकटतं. गळ्यातली दोरी, जॅकेटच्या टोपीची नाडी, ओढणी यांनाही तिथे मज्जाव.

आता रबर. खेळाच्या जागी होणाऱ्या इजांमध्ये पडण्याचा वाटा सर्वांत मोठा; अमेरिकेचा ग्राहक सुरक्षा आयोग 1981 पासून आपल्या मार्गदर्शिकेत हेच बजावतो आहे. 2 मीटरवरून पडलेलं मूल जमिनीवर ताशी 22 किलोमीटरच्या वेगाने आदळतं. पेव्हर ब्लॉक तसूभरही दबत नाही, वाळू आणि रबर दबतात. डोकं वाचतं ते त्या दबण्यामुळे. वाळू वापरायची तर 2 मीटरपर्यंतच्या उंचीला 20 सेंटिमीटरचा थर, शिवाय पायांनी उडून जाईल म्हणून वर 10. तीही धुतलेली हवी. मातीमिश्रित वाळू एका पावसाळ्यात थापून बसते आणि दगडासारखी होते. रबराचं म्हणाल तर ‘रबर आहे ना?’ एवढं विचारून भागत नाही. किती उंचीवरून पडण्यासाठी ते तपासलंय, हे विचारा. काँक्रीटवर चिकटवलेली पातळ रंगीत लादी ही माझ्या मते निव्वळ सजावट.

मग स्वस्तातली वाळूच बरी नाही का? इथेच खरी मेख आहे. वाळूत व्हीलचेअरची चाकं रुततात. म्हणजे एका मुलाचं डोकं वाचवणारी जमीन दुसऱ्या मुलाला दारातच थोपवते. म्हणून अमेरिकेच्या 2010 च्या सुगम्यता मानकांत खेळण्यांपर्यंतची वाट घट्ट, सलग आणि तरीही पडणाऱ्याला झेलणारी मागितली आहे. शिवाय व्हीलचेअरवरून सरकून बसता यावं असा चौथरा, 28 ते 46 सेंटिमीटर उंचीचा. त्याहून उंच झाला की मुलाला कोणीतरी उचलून ठेवावं लागतं, आणि मग तो खेळ त्याचा राहत नाही.

आपल्याकडेही दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 सार्वजनिक जागा सुगम्य करायला सांगतो. पण अनेक बागांत ही सुगम्यता फाटकावरच्या रॅम्पपाशी संपते; पुढे झोपाळ्यापर्यंत वाळू नाहीतर चिखल. युरोपची मानकं आपल्यावर बंधनकारक नाहीत, तरी खेळणी विकणाऱ्या अनेक कंपन्या जाहिरातीत त्यांचाच हवाला देतात. मग निविदेतही ती अट लिहून घ्यायला काय हरकत आहे?

उद्या बागेत जाताना खिशात मोजपट्टी ठेवा. जमिनीपासून 60 सेंटिमीटरच्या वर चारी बाजूंनी बंद अशी 9 ते 23 सेंटिमीटरची फट दिसली, तर फोटो काढा, क्षेत्रीय कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.